घरखर्चाच्या वहीतील पेट्रोल

आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजोबांच्या हातची जमाखर्चाची वही अजून जपून ठेवलेली असेल, त्यांनी ती एकदा उघडून पाहावी. दूध, किराणा, धोबी, शाळेची फी, भिक्षुकाची दक्षिणा, सणावाराचा खर्च अशा नोंदी ओळीने सापडतील. इंधनाच्या खाती कोळसा, लाकूड आणि रॉकेल असेल. पेट्रोलची ओळ मात्र बहुतेक जुन्या वह्यांत सापडणार नाही. ही ओळ वहीत केव्हा आली, ती वाढत का गेली आणि ती वाढताना दुसऱ्या कोणत्या ओळी आखडल्या, एवढाच या लेखाचा विषय आहे. तेलाच्या भाववाढीचा इतिहास सहसा अरब देश, युद्धे आणि डॉलर यांच्या भाषेत सांगितला जातो. आपण तो स्वयंपाकघरातून आणि कचेरीच्या वाटेवरून पाहू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेली आपली जुनी घरे बहुधा चालण्याच्या अंतरावर वसलेली होती. इंदूरचा राजवाड्याभोवतीचा परिसर, ग्वाल्हेरचे लष्कर, बडोद्याचे रावपुरा आणि दांडिया बाजार, हैदराबादचे सुलतान बाजार आणि काचीगुडा, बेळगावचे शहापूर आणि तेथल्या गल्ल्या ही नावे घेतली की डोळ्यांपुढे एक ठरावीक जीवन येते. दरबारची किंवा सरकारी कचेरी, मुलांची शाळा, देऊळ, वाचनालय आणि भाजीबाजार सगळे पायांच्या टप्प्यात. फार तर एक सायकल, आणि प्रसंगी टांगा. अशा घराला इंधनाच्या भावाची झळ लागे ती चुलीत आणि दिव्यात, रस्त्यावर नव्हे.

ती झळ पहिल्यांदा जोरात लागली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४१ मध्ये हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. प्रवासी मोटारींना कोळशापासून वायू तयार करणारी यंत्रे बसवावी लागली. पण पेट्रोलची टंचाई हा मोटारवाल्यांचा प्रश्न होता. घरोघरच्या माणसाला १९४२ ची घटना अधिक बोचली. त्या वर्षी ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला. तेथील तेलविहिरी आणि कारखाने माघार घेताना इंग्रजांनीच उद्ध्वस्त केले. हिंदुस्थानात येणाऱ्या रॉकेलचा मोठा पुरवठा ब्रह्मदेशातूनच होत असे, तो तुटला. कंदिलाची वात बारीक करणे, एका दिव्याभोवती सगळ्या मुलांनी अभ्यासाला बसणे, या सवयींना त्या टंचाईने धार आली. दूरच्या लढाईचा हिशेब घरातल्या दिव्यात कसा उतरतो, याचा हा आपल्याकडचा पहिला मोठा धडा म्हणता येईल.

दुसरा धडा १९७३ चा. तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण आजच्या अनेक गोष्टींची मुळे त्यात आहेत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले. तेलनिर्यातदार देशांनी भाव वाढवले, आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला कच्च्या तेलाचा भाव १९७४ उजाडेपर्यंत सुमारे चौपट झाला. भारत त्या वेळी आपल्या गरजेपैकी जवळजवळ दोन तृतीयांश तेल बाहेरून आणत होता. १९७२-७३ मध्ये तेलाच्या आयातीवर सुमारे दोनशे कोटी रुपये खर्च झाले होते. १९७४-७५ मध्ये हाच आकडा अकराशे कोटींच्या पुढे गेला. आधीच १९७२ च्या दुष्काळाने धान्य महागले होते. त्यावर हा बोजा आला.

ग्वाल्हेरच्या वाचकांना या प्रसंगातील एक दृश्य विशेष जवळचे वाटेल. १२ नोव्हेंबर १९७३ रोजी संसदेचे अधिवेशन सुरू झाले, तेव्हा पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. ते तेव्हा ग्वाल्हेरचेच खासदार होते. इंदिरा गांधी यांनीही त्याच सुमारास पेट्रोल वाचवण्याचा संदेश देण्यासाठी घोड्याच्या बग्गीतून प्रवास केला होता. एकाने निषेधासाठी आणि दुसऱ्याने काटकसरीसाठी, पण दोघांनीही जुन्या वाहनाचाच आधार घेतला. बैलगाडीची छायाचित्रे गाजली. मात्र त्या वर्षी आपल्या घरांतली बहुतेक माणसे सायकलीने किंवा पायीच कामावर जात होती. त्यांना पेट्रोलच्या भावाने थेट काही केले नाही. मग महागाई घरात शिरली कोणत्या दाराने?

एक दार होते मालवाहतुकीचे. भाजी, धान्य, कापड, साबण, जे जे ट्रकने येते ते ते महागले. खतांनाही तेलाचाच कच्चा माल लागतो, म्हणून शेतीचा खर्च वाढला. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने चढल्या. दुसरे दार होते रॉकेलचे. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या पुढाकाराने १९७२ पासून महागाईविरोधी महिलांचे मोर्चे निघत होते. लाटणी आणि थाळ्या घेऊन निघालेल्या त्या बायकांच्या मागण्यांत धान्य आणि तेलाबरोबर रॉकेलही असे. गुजरातेत याच महागाईने पेटलेले नवनिर्माण आंदोलन झाले. त्याची ठिणगी विद्यार्थ्यांच्या खाणावळीच्या वाढलेल्या बिलावरून पडली, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. बडोद्यातील आपल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील.

तिसरे दार नोकरदारांच्या पगारातून उघडले. महागाईबरोबर महागाई भत्ता वाढे, हा मध्यमवर्गाचा आधार. जुलै १९७४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीची ठेव म्हणून कापून घेण्यास सुरुवात केली. लोकांच्या हातात पैसा कमी राहिला तर किमती आटोक्यात येतील, हा त्यामागचा विचार. ही रक्कम पुढे व्याजासह हप्त्याहप्त्याने परत मिळाली. पण ज्या वर्षी मुलीचे लग्न होते, त्या वर्षी ती हातात नव्हती. जुन्या वहीत ‘सक्तीची ठेव’ अशी नोंद दिसली तर ती तेलाच्या पिंपापर्यंत पोहोचते, हे ओळखावे.

या संकटात सरकारने एक धोरण पक्के केले. पेट्रोल म्हणजे गाडीवाल्याची चैन, म्हणून त्यावर कर भारी. रॉकेल गरिबाच्या दिव्याचे आणि स्टोव्हचे, डिझेल शेतकऱ्याचे आणि एस.टी.चे, म्हणून ती स्वस्त. कच्च्या तेलाच्या एकाच पिंपातून ही सगळी इंधने निघतात, आणि एकावर कमी घेतलेले पैसे दुसऱ्यावर भरून काढले जात. दर सरकार ठरवी आणि ते महिनोन्‌महिने स्थिर राहत. या धोरणाचा हेतू चांगला होता, पण भावांतल्या फरकाने भेसळीला वाट मिळाली आणि स्वस्त रॉकेल डिझेलच्या टाकीत जाऊ लागले. शिवाय पेट्रोल ही चैन आहे, हे गृहीतकच काही वर्षांत खोटे ठरले.

ते कसे, हे आपल्याच घरांच्या इतिहासात दिसते. कुटुंबे वाढली, वाडे अपुरे पडले, वाटण्या झाल्या. जुन्या पेठा सोडून आपण शहराबाहेरच्या वसाहतींत भूखंड घेतले. तेथे हवा होती, अंगण होते आणि जमीन स्वस्त होती. कचेरी, शाळा, बाजार मात्र जुन्या जागीच राहिले. त्या अंतरावर पुरेशी बस नव्हती, म्हणून स्कूटर आली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबण्याचे ते दिवस होते. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० बाजारात आली, ती लिटरमागे ८० किलोमीटरचा दावा घेऊनच. गाडी विकत घेताना ‘किती देते?’ हा पहिला प्रश्न झाला, तो आजतागायत. स्वस्त जमिनीची उरलेली किंमत आपण रोज थोडी थोडी पेट्रोलपंपावर भरू लागलो. पेट्रोलची ओळ आपल्या वहीत आली ती अशी. ती चैनीची नव्हती, ती लांब गेलेल्या घराची होती.

पुढचा टप्पा आपल्या आठवणीतलाच आहे. सरकारी दरपद्धती १ एप्रिल २००२ रोजी कागदोपत्री संपली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले. १६ जून २०१७ पासून देशभर ते रोज बदलू लागले. भाववाढ पूर्वी रात्री रेडिओवर ऐकू येई आणि पंपावर रांगा लागत. त्यानंतर ती पैशा-पैशाने, कोणाला न कळता होऊ लागली. याच काळात करांचा वाटाही वाढला. २०१४ च्या सुरुवातीस पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ९ रुपये ४८ पैसे होते. मे २०२० मध्ये ते ३२ रुपये ९८ पैसे झाले. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मधील कपातींनंतर ते १९ रुपये ९० पैशांवर आले. मधल्या काळात कच्चे तेल २०१६ च्या जानेवारीत ३० डॉलरच्या खाली गेले होते, तो फायदा मुख्यतः करातच जिरला. १९७३ मध्ये भाव परदेशातून आला होता. आता त्याचा मोठा भाग देशातच ठरतो. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ पासून बडोद्याच्या वेशीवर आहे, म्हणून बडोदेकरांना पेट्रोल कधी पाण्याच्या भावाने मिळाले नाही, यातच सगळे आले.

राज्यांचे कर वेगळे असल्याने सीमाभागात आणखी गंमत होते. गोव्यात एप्रिल २०१२ मध्ये पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळजवळ रद्द झाला आणि दर लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरला. गोवेकराची दुचाकी स्वस्तात धावू लागली. पण गोव्याची भाजी आणि दूध मोठ्या प्रमाणात बेळगावहून घाट उतरून येते, आणि ते येते डिझेलवर. पंपावर वाचलेले म्हापशाच्या बाजारात खर्च होऊ शकते. म्हणून केवळ आपल्या गाडीच्या टाकीवरून महागाईचा अंदाज बांधू नये.

आता एक साधा हिशेब मांडून पाहा. घर ते कचेरी दहा किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. लिटरमागे पन्नास किलोमीटर धरले तर दहा लिटर लागतात. भाव ७० रुपये असता सातशे, शंभर झाल्यावर हजार. घरात दोन वाहने असतील तर वाढ सहाशेची. लाखभर पगार असलेल्या घराला ती जाणवणार नाही. पंधरा हजारांवर चालणाऱ्या घरात मात्र तो जवळजवळ महिन्याच्या दुधाचा खर्च. कामावर जाणे तर टाळता येत नाही. म्हणून काट बसते ती टाळता येण्यासारख्या जाण्यावर.

आणि वाचकहो, हा विषय या व्याख्यानमालेत मांडण्याचे कारण येथेच आहे. टाळता येण्यासारखे जाणे म्हणजे कोणते? मावशीकडे सहज डोकावणे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जाणे, संध्याकाळी वाचनालयात पुस्तक बदलणे, नातवाला मराठीच्या वर्गाला सोडणे, मंडळाच्या व्याख्यानाला येणे. आपल्या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे श्रोते चालत येत. आज त्यांची सभागृहे बहुधा जुन्या पेठांत आहेत आणि श्रोते शहराच्या कडेला. ज्यांना स्वतः गाडी चालवता येत नाही, त्यांचे येणे मुलांच्या सवडीवर आणि रिक्षाच्या भाड्यावर अवलंबून. त्यांत वयस्क स्त्रिया अधिक, आणि आपली भाषा घरात टिकवली ती त्यांनीच. महाराष्ट्रात मराठी रस्त्यावरही भेटते. आपल्याकडे ती भेटीगाठींतच जगते. म्हणून इंधन महागते तेव्हा आपल्या घरात केवळ पैसे कमी होत नाहीत, मराठी बोलण्याचे प्रसंगही कमी होतात.

यावर उपाय फार मोठे नाहीत, पण आहेत. एका वसाहतीतल्या चार जणांनी एका गाडीतून यावे. मंडळाने वर्षातले दोन कार्यक्रम जुन्या पेठेबाहेर, वसाहतींत घ्यावेत. शहरातील बससेवेच्या मार्गांबाबत आपणही नागरिक म्हणून मागणी करावी. बस ही केवळ गरिबाची गरज आहे, हा समज १९७३ नंतर आपणच करून घेतला. आणि एक विनंती. त्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका. त्यांतली रॉकेलची, सायकलच्या पंक्चरची, ‘सक्तीच्या ठेवी’ची नोंद हीच आपल्या समाजाच्या इतिहासाची साधने आहेत. त्या मंडळाच्या ग्रंथालयाकडे द्या. आणताना मात्र शेजारच्यांनाही गाडीत बरोबर घ्या.