राखीव मार्गिका आणि भरलेली जीप : सामायिक प्रवासाच्या इतिहासातील एक नैतिक प्रश्न

प्रस्तावना

आंबेगाव तालुक्यातील कळंब हे गाव घोड नदीच्या खोऱ्यात, पुणे-नाशिक महामार्गावर, मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान वसलेले आहे. या रस्त्यावरून एकटा माणूस बसलेली मोटार आणि पंधरा माणसे कोंबलेली जीप एकापाठोपाठ जातात, तेव्हा पोलिसाची शिट्टी कोणासाठी वाजते हे येथील कोणालाही सांगावे लागत नाही. जीपमध्ये क्षमतेपेक्षा अधिक माणसे असतात, परवान्याच्या अटी मोडलेल्या असतात आणि अपघाताचा धोकाही असतो. त्यामुळे शिट्टी अनाठायी म्हणता येत नाही. तथापि रस्त्याची जागा हे सार्वजनिक धन मानले, तर दरडोई सर्वाधिक जागा वापरणारा प्रवासी निर्दोष ठरतो आणि सर्वांत कमी जागेत सर्वाधिक माणसे नेणारा चालक गुन्हेगार ठरतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. जगात काही देशांनी याच्या नेमका उलटा नियम केला. भरलेल्या वाहनाला स्वतंत्र मार्गिका द्यावी आणि एकट्याच्या मोटारीला तेथे मज्जाव करावा, असा तो नियम होय. हा नियम कितपत यशस्वी झाला आणि त्याचा भंग करणाऱ्याचा दोष नेमका कोणता, या दोन प्रश्नांचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कारपूल लेनचा उगम

अमेरिकेत राजधानी वॉशिंग्टनलगतच्या शर्ली महामार्गावर 1969 साली केवळ बसगाड्यांसाठी मार्गिका राखून ठेवण्यात आली. डिसेंबर 1973 मध्ये, तेलटंचाईच्या काळात, चार किंवा अधिक माणसे असलेल्या मोटारींनाही तेथे प्रवेश मिळाला. पुढे या मार्गावर एक विलक्षण प्रथा रुजली. ठरावीक थांब्यांवर अनोळखी माणसे रांगेत उभी राहतात, मोटारचालक आवश्यक तेवढी माणसे घेतो आणि कोणीही कोणाला पैसे देत नाही. चालकाला वेगवान मार्गिका मिळते, प्रवाशाला फुकट प्रवास मिळतो. कोणत्याही खात्याने ही योजना आखलेली नव्हती.

याउलट लॉस एंजेलिसमधील सांता मोनिका महामार्गावरील प्रयोग अल्पायुषी ठरला. 15 मार्च 1976 रोजी तेथे अस्तित्वात असलेलीच एक मार्गिका बसगाड्या व किमान तीन माणसांच्या मोटारींसाठी राखून ठेवली गेली. उरलेल्या मार्गिकांवर कोंडी झाली, लोकमत खवळले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाच्या आदेशाने प्रयोग थांबला. नवी मार्गिका बांधून ती राखीव केली तर लोक सहन करतात, हातात असलेली काढून घेतली तर करीत नाहीत, हा धडा पुढील नियोजनकारांनी घेतला. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या रोजच्या बोलण्यात आज 'कारपूल लेन' हा शब्द सहज येतो. तेथे नियमभंगाचा दंड किमान 490 डॉलर आहे. तरीही शेजारच्या आसनावर टोपी घातलेला पुतळा बसवून जाणारे सापडतातच. 2022 साली टेक्सासमध्ये एका गर्भवती चालक महिलेने पोटातील बाळ ही दुसरी व्यक्ती आहे असा दावा करून पोलिसांना कोड्यात टाकले होते.

1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात आणखी एक वळण आले. एकट्या चालकाने पैसे भरल्यास त्यालाही राखीव मार्गिकेत येऊ द्यावे, असा विचार पुढे आला व रुजला. जुन्नरच्या नाणेघाटातील दगडी रांजण जकातीच्या वसुलीसाठी होता, अशी परंपरागत समजूत आहे. घाटमाथ्यावरील त्या जुन्या व्यवहाराशी या आधुनिक युक्तीचे नाते जवळचे वाटते. मात्र ज्या क्षणी मार्गिकेत शिरण्याचा अधिकार माणसांच्या संख्येऐवजी खिशावर अवलंबून राहतो, त्या क्षणी तिचा मूळ हेतू बदलतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जाकार्ताचा अनुभव

गैरवापराच्या संदर्भात सर्वांत उद्बोधक उदाहरण इंडोनेशियाच्या राजधानीचे आहे. जाकार्ता शहरात 1992 पासून काही प्रमुख रस्त्यांवर गर्दीच्या वेळी मोटारीत किमान तीन माणसे असण्याची सक्ती होती. नियमाला लगेच पळवाट निघाली. रस्त्याच्या तोंडाशी गरीब स्त्री-पुरुष उभे राहत, थोड्या पैशांत मोटारीत बसत आणि पलीकडे उतरून पुन्हा नव्या गिऱ्हाईकाची वाट पाहत. त्यांना तेथे 'जॉकी' म्हणत. काही स्त्रिया कडेवर मूल घेऊन बसत, म्हणजे एका फेरीत दोन डोकी भरत. या मुलांच्या शोषणाची चर्चा वाढल्यावर एप्रिल 2016 मध्ये नियम स्थगित झाला आणि पुढे रद्दच करण्यात आला.

इतक्या उघड फसवणुकीमुळे हा नियम कागदावरच होता, असे कोणासही वाटेल. परंतु 2017 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वेगळेच दाखवले. नियम उठताच सकाळच्या गर्दीतील विलंब दर किलोमीटरला 2.1 मिनिटांवरून 3.1 मिनिटांवर गेला, तर संध्याकाळचा 2.8 वरून 5.3 मिनिटांवर. जे रस्ते नियमाखाली नव्हते तेथेही कोंडी वाढली. नियम सर्रास मोडला जातो, म्हणून तो निरुपयोगी आहे, हा युक्तिवाद आपल्याकडे वारंवार ऐकू येतो. जाकार्ताने तो खोटा ठरवला.

पुण्यातील मार्गिका

भारतात मोटारींसाठी कारपूल लेन रुजली नाही. तिचे सर्वांत जवळचे भावंड म्हणजे बसगाड्यांची राखीव मार्गिका, आणि तिचा देशातील पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर पुण्याने बीआरटी सुरू केली. वाहने नव्हे तर माणसे हलविणे हे ध्येय मानणारे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण त्याच वर्षीचे. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील परिवहन संस्थांचे विलीनीकरण होऊन पीएमपीएमएल 2007 साली आकाराला आली. म्हणजे मार्गिका आधी आली आणि ती चालवणारी एकत्रित संस्था नंतर. हा क्रमच पुरेसा बोलका आहे.

राखीव मार्गिका 'रिकामी' दिसते, हे तिच्यावरील पहिले आणि सर्वांत प्रभावी दूषण. येथे थोडे अंकगणित करणे इष्ट ठरेल. समजा, मार्गिकेतून दर मिनिटाला 50 प्रवाशांची एक बस जाते. तर तासाला 3,000 माणसे पुढे सरकतात. शेजारच्या मार्गिकेतून तासाला 1,500 मोटारी जातात आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस आहे असे धरले, तर ती संख्या 2,250 भरते. दोन बसगाड्यांच्या मधला रस्ता डोळ्यांना मोकळा दिसतो, प्रत्यक्षात तो अधिक काम करीत असतो. परंतु हीच बस दर पाच मिनिटांनी आली, तर संख्या 600 वर उतरते आणि मोटारचालकाची तक्रार गणिताच्या दृष्टीने खरी ठरते. राखीव मार्गिकेचे यशापयश रस्त्यावर मारलेल्या पट्ट्यात नसून आगारातून किती गाड्या बाहेर पडतात यात असते.

पुण्यात दुचाकीस्वार मार्गिकेत शिरले, त्यांच्यामागे रिक्षा, त्यांच्यामागे मोटारी. पहिला शिरणारा चोरासारखा शिरतो, दहावा हक्काने. 2015 पासून संगमवाडी-विश्रांतवाडी, औंध-रावेत, नाशिक फाटा-वाकड आदी मार्ग अधिक चांगल्या रचनेने खुले झाले, तरी 2023 साली नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग उखडण्यात आला. दिल्लीची कथाही अशीच. तेथे 2008 साली सुरू झालेली मार्गिका सर्व वाहनांना खुली करावी, ही मागणी उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2012 मध्ये फेटाळली. पण न्यायालयात टिकलेली मार्गिका राजकारणात टिकली नाही आणि 2016 मध्ये ती पाडण्यात आली.

घुसखोराचा दोष

राखीव मार्गिकेत शिरणारा मनुष्य स्वतःला चोर मानीत नाही, कारण त्याने कोणाच्या खिशात हात घातलेला नसतो. त्याचा बळी त्याला दिसत नाही. मागून येणाऱ्या बसमधील पन्नास माणसांची प्रत्येकी अर्धी मिनिट गेली, तर एकूण पंचवीस मिनिटे गेली. मात्र ती इतक्या हातांतून निसटतात की फिर्याद देण्यास कोणीच उभा राहत नाही. रुग्णाला घेऊन धावणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला कोणताही सुजाण समाज वाट देतो.

दुसऱ्या बाजूनेही विचार केला पाहिजे. मार्गिका आखून शासनाने एक वचन दिलेले असते की, येथून बस येईल. ते वचन पाळले गेले नाही, तर नागरिकावरील नैतिक बंधन सैल होते. पण तुटत नाही, कारण तुरळक येणाऱ्या बसमध्येही माणसेच बसलेली असतात, आणि ती बहुधा दुसरा पर्याय नसलेली असतात. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरील लाल दिवे उतरले, तेव्हा सर्वत्र समाधान व्यक्त झाले. पदामुळे मिळणारी वाट आपल्याला खुपते. संख्येमुळे मिळणारी वाट मात्र आपण स्वतःच अडवतो, हे त्या समाधानाशी जुळत नाही.

पुन्हा कळंबच्या रस्त्यावर

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि ग्रामीण प्रवासाला नियमितपणा आला. पण जेथे एसटी अपुरी पडली, तेथे काळी-पिवळी जीप आली. दक्षिण महाराष्ट्रात तिला वडाप म्हणतात. सीट भरल्याशिवाय जीप हलत नाही, ही तिची घटना. दोन-तीन शेतकऱ्यांचे टोमॅटोचे क्रेट एकाच पिकअपमध्ये भरून नारायणगावच्या बाजारात न्यायचे आणि भाडे वाटून घ्यायचे, ही रीतही याच जातीची. अमेरिकेने कायदा, दंड आणि स्वतंत्र रस्ता खर्ची घालून जे साधण्याचा प्रयत्न केला, ते येथे गरजेपोटी आपसूक घडले, अर्थात सुरक्षिततेची किंमत मोजून. टपावर व मागच्या शिडीवर लोंबकळणाऱ्यांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही.

परवान्याचा कायदा मात्र वाहन किती भरले आहे, यापेक्षा भाडे कोण घेतो याकडे पाहत आला. जानेवारी 2023 मध्ये राज्य शासनाने खासगी वाहनांतून सामायिक प्रवासी वाहतूक करण्यास मनाई केली आणि 2025 साली मंत्रिमंडळाने ॲपद्वारे होणाऱ्या कारपूलिंगला अटींसह मान्यता दिली. मोबाइलवर जुळणी झालेली मोटार या मान्यतेत बसते, थांब्यावर हाक मारून भरलेली जीप बसत नाही. कळंबहून पुण्याकडे निघालेला प्रवासी मंचर, राजगुरुनगर, चाकण ओलांडून नाशिक फाट्यावर उतरतो, तेव्हा समोर वाकडकडे जाणारी बसची राखीव मार्गिका असते. ज्या जीपमधून तो उतरला, तिला त्या मार्गिकेत प्रवेश नाही.