देव कोणीतरी बनवतं, पण पुढे तो कुणाचा होतो?

मागच्या दिवाळीत लाखांदूरला घरी गेलो होतो. मंडईचे दिवस होते. आकाशपाळणे, मिठाईची दुकानं, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं. चहाच्या टपरीवर शाळेतल्या मित्रानं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातला माणूस ठासून सांगत होता, की धर्म, सण, फॅशन, तरुणांची गाणी, सगळं मूठभर लोकांनी बंद खोलीत बसून तयार केलंय, लोकांना ताब्यात ठेवण्यासाठी.

"पटते का तुले?" मित्रानं विचारलं.

मला पटकन 'नाही' म्हणता आलं नाही. कारण मी पुण्यात ज्या कंपनीत काम करतो, तिथे जवळपास हेच करतो. त्याबद्दल शेवटी सांगतो.

ही शंका मराठी माणसाला नवी नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त तीच मांडली. अवतारांच्या कथा आणि कर्मकांडं शूद्रातिशूद्रांची मनं बांधून ठेवण्यासाठी रचली गेली, असं त्यांचं म्हणणं. पण व्हिडिओवाल्यात आणि फुल्यांत मोठा फरक आहे. फुले 'ते लोक' असं मोघम बोलत नाहीत. धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून ते एकेक कथा उचलतात आणि तिचा फायदा कुणाला झाला ते विचारतात.

आता गंमत बघा. धर्म माणसानं रचलाय असं म्हणणाऱ्या फुल्यांनी त्याच वर्षी सत्यशोधक समाज काढला आणि पुरोहिताशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली. आयुष्याच्या शेवटी तर 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये निघालं. म्हणजे जुनी रचना मोडणाऱ्यानं नवी रचना करून दिली. मला यात विसंगती दिसत नाही. रचलेलं असणं हा त्यांच्या लेखी गुन्हा नव्हताच. रचना कुणासाठी केली, हा त्यांचा प्रश्न होता.

दुसरं उदाहरण तर तुमच्या गल्लीतलंच आहे, सार्वजनिक गणपती. घरातला गणपती जुना, पण चौकातल्या मांडवाला जन्मतारखेच्या जवळपास जाता येतं. पुण्यात १८९२-९३ च्या सुमारास भाऊसाहेब रंगारींसारख्यांनी सुरुवात केली आणि टिळकांनी 'केसरी'तून ती कल्पना गावोगाव नेली. हेतू लपलेला नव्हता. लोकांना एकत्र आणायचं होतं. त्याला दुसरी बाजूही होती. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लीम दंगल झाली होती. तोवर पुण्यात कितीतरी हिंदू मोहरमच्या ताबुतांपुढे नाचत असत. त्यांनी तिकडे जाऊ नये, असं नव्या मेळ्यांच्या पदांतून सांगितलं जाऊ लागलं. म्हणजे एका उत्सवानं माणसं जोडली आणि त्याच उत्सवानं शेजारी वेगळे केले.

व्हिडिओवाला इथेच थांबेल. बघा, बनवला की नाही? पण गोष्ट पुढे जाते. टिळक १९२० मध्ये गेले. त्यानंतर काही वर्षांतच पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांचा छत्रपती मेळा उभा राहिला. तोच गणपती, तसेच मेळे, तशीच पदं. फक्त आता त्या पदांतून टिळकपंथीयांवर आणि ब्राह्मणी वर्चस्वावर आसूड ओढले जात होते. ज्या साच्यातून एकी घडवायची होती, त्याच साच्यात विरोधकांनी आपला मजकूर भरला.

कधीकधी तर बंद खोलीही सापडत नाही. १९७५ मध्ये 'जय संतोषी मां' हा कमी पैशांत केलेला सिनेमा आला. निर्मात्यांना सिनेमा चालवायचा होता. पण बायका चपला बाहेर काढून थिएटरात शिरल्या आणि शुक्रवारचे उपवास घरोघरी पोचले. यात कुणी कुणाला ताब्यात घेतलं?

आता माझ्या घरचं. १९५४ साली बाबासाहेब आंबेडकर आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. सत्ता नव्हती, जिल्ह्यानं निवडूनही दिलं नव्हतं. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, माझे आबाजी वडसा स्टेशनातून छोट्या लाइनच्या गाडीनं नागभीडमार्गे नागपूरला गेले आणि लाखोंच्या गर्दीत उभं राहून त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. हीसुद्धा विचारपूर्वक केलेली रचनाच होती. काय सोडायचं, काय धरायचं, सगळं एकेक करून ठरवलेलं. पण ते भर मैदानात मोठ्यानं सांगितलं गेलं आणि ऐकणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं. त्यानंतर ५३ दिवसांनी बाबासाहेब गेले. सूत्रं हलवायला रचणारा उरलाच नाही. तरी आबाजी जन्मभर दारूला शिवले नाहीत.

घरी परतल्यावर त्यांनी देव चुलबंद नदीत सोडले. आजीनं मातामायची एक छोटी मूर्ती मात्र धानाच्या कोठीत लपवली. वर्षानुवर्षं ती तिथेच होती. आबाजींना माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत. मी कॉलेजात असताना आजीला विचारलं, तर म्हणाली, "देव सोडले ना बापू. माय कशी सोडू?" तीच आजी बुद्धपौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी विहारात हजर असायची. आबाजी एका रचनेत मनापासून शिरले. आजीही शिरली, पण आपल्यापुरती खिडकी ठेवून.

म्हणून मित्राच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. हो, श्रद्धा पुष्कळदा मुद्दाम घडवल्या जातात, ताब्यासाठीही घडवल्या जातात. पण घडवणाऱ्याच्या हातात त्या फार काळ राहत नाहीत. त्यामुळे 'बनवलं का?' एवढं विचारून भागत नाही. हेतू उघड सांगितला का, आणि माणसाला त्यात बदल करायची, नकार द्यायची मुभा आहे का, हेही विचारावं लागतं.

आता माझं काम. ॲप रोज उघडलं की एक आकडा वाढतो, एक दिवस चुकला की शून्यावर येतो. रात्री नऊला आठवण पाठवायची, हे आमच्या टीमनं मीटिंगमध्ये बसून ठरवलं. खोली बंद होती, एसी चालू होता. लोकांना आपलं ॲप सोडवू नये, हा हेतू आम्ही वापरणाऱ्यांना कुठेही सांगितलेला नाही.

टपरीवर हे मित्राला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "म्हंजे तूच होय तो बंद खोलीतला मानूस."

पुण्याला परतल्यावर मी टीमला सुचवलंय की ती आठवण बंद करायचं बटण पहिल्याच पानावर ठेवू. अजून निर्णय झालेला नाही.