कळी संध्याकाळी, पराग सकाळी

संकेतार्थी वाक्य शिकवताना आम्हा मराठीच्या मास्तरांचे उदाहरण ठरलेले असे : पाऊस पडला तर पीक येईल. मराठवाड्यात त्याहून वेगळे उदाहरण शोधायची गरजच पडत नाही. पुण्यात संगणकाच्या कामावर असलेला माझा पुतण्या मध्यंतरी त्याच्या नोकरीविषयी सांगत होता, तेव्हा मला हेच वाक्य आठवले. रात्री कंपनीच्या संगणकांवर शेकडो कामे चालतात. कुठले काम संपल्याशिवाय कुठले सुरू करायचे नाही, हे आखून देणे म्हणजे त्याची नोकरी. "काका, याला डिपेंडन्सी लावणे म्हणतात," तो म्हणाला. ज्या सॉफ्टवेअरवर तो हे करतो त्याचे नाव एअरफ्लो. एअरबीएनबी कंपनीत 2014 साली त्याची सुरुवात झाली.

मी म्हटले, बाबा रे, आमच्या जालन्यात हे साठ वर्षांपासून चालू आहे, फक्त शेतात.

त्याला ते खरे वाटेना, म्हणून हे लिहितो आहे.

1964 हे साल बघा. त्या वर्षी अमेरिकेत आयबीएमने सिस्टिम 360 हे यंत्र जाहीर केले. त्याच वर्षी आपल्याकडे सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली आणि त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्याची कंपनी काढली. त्याआधी ते भेंडीच्या 'पुसा सावनी' वाणाचे बी तयार करीत. पुढे 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण मला सांगायचे आहे ते पुरस्काराचे नव्हे, कामाच्या क्रमाचे.

संकरित ज्वारीचे बी करायचे तर शेतात दोन वाण लागतात. मादी वाणाला स्वतःचा पराग नसतो, ती नरवंध्य असते. साधारण चार ओळी मादीच्या, दोन ओळी नराच्या, आणि शेताच्या कडेने पुन्हा नर. दुसरी ज्वारी दोनशे मीटरच्या आत नको. इथवर सोपे आहे. खरी मेख अशी, की मादीचे कणीस पराग घ्यायला तयार होईल त्याच दिवसांत नराचा पराग उडायला हवा. दोघांचे निसवण्याचे दिवस वेगळे असतील तर उशिरा निसवणारा वाण आधी पेरायचा आणि दुसरा काही दिवसांनी. पुस्तकात हे दिवस छापलेले असतात.

पण पुस्तकाने पाऊस पाहिलेला नसतो! ताण पडला, थंडी लवकर आली, जमीन हलकी निघाली, की छापील दिवस चुकतात. म्हणून जाणते शेतकरी मधूनमधून एखादे ताट उभे चिरून आत कणीस कुठवर तयार झाले आहे ते बघत. नर मागे पडला असेल तर त्याच्यावर युरियाची हलकी फवारणी. मादी पुढे पळत असेल तर तिचे पाणी तोडायचे. असे करून दोघांना एका दिवशी गाठायला लावायचे.

पुतण्याला हे सांगितल्यावर तो चमकला. म्हणाला, आमच्याकडे अगदी हाच फरक आहे. युनिक्समध्ये 'क्रॉन' नावाची जुनी सोय आहे. ती घड्याळ बघते. दोन वाजले, चालव. दोनच्या आधीचे काम अडीचला संपले तरी क्रॉनला त्याचे सोयरसुतक नाही. म्हणून लोक मध्ये अंदाजाने तासभर मोकळा ठेवत. आताची सॉफ्टवेअर घड्याळावर न थांबता आधीचे काम नीट संपले का हे विचारतात. म्हणजे ताट चिरून बघतात, मी म्हटले.

तसे हेही नवे नाही. 360 यंत्राच्या कामाच्या चिठ्ठीत, जिला जेसीएल म्हणत, 'कंड' नावाची अट लिहिता येई : आधीची पायरी अमुक निकाल देऊन संपली तर ही पायरी सोडून दे. गंमत अशी की ही अट पायरी कधी करायची ते सांगत नसे, कधी करायची नाही ते सांगे, आणि भलेभले त्यात फसत. आमच्या वर्गातली पोरे नकारार्थी संकेतात फसत तशीच. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रांसाठी 'पर्ट' आणि ड्यू पाँटने कारखान्यांसाठी 'क्रिटिकल पाथ' काढले, तेही बाणांचेच जाळे. असो.

ज्वारीपेक्षा कापसाचे काम नाजूक. 1970 साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी एच-4 हा संकरित कापूस काढला. व्यापारी लागवडीसाठीचा तो जगातला पहिला संकरित कापूस. त्याचे बी वाऱ्यावर होत नाही, एकेक फूल हाताने करावे लागते. उद्या उमलणारी कळी आज दुपार कलल्यावर हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसर अलगद सोलून काढायचे, वर पातळ कागदी पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी काढून नराचे फूल तिच्यावर घासायचे आणि देठाला दोरा बांधायचा. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. जनुक प्रयोगशाळेतून आले, पण संकर बोटांनीच करावा लागला.

आता यातली गोम बघा. संध्याकाळी कळी सोलायची राहिली तर सकाळी काही होणार नाही असे नाही. सकाळी ती उमलते, स्वतःचाच पराग घेते आणि छान बोंड धरते. दिसायला शंभर टक्के पीक. बी मात्र भेसळीचे. म्हणून राहिलेली फुले शोधून तोडून टाकावी लागतात. पुतण्या म्हणाला, आमच्याकडेही बंद पडलेल्या कामाची भीती नसते, ते ओरडून सांगते. भीती असते ती कालच्याच फाइलवर चालून सुबक आकडे छापणाऱ्या कामाची.

बी कारखान्यात गेल्यावरही बाण संपत नाहीत. नमुना पुन्हा पेरून झाडे वाढवायची आणि शुद्धता मोजायची, याला ग्रो-आऊट चाचणी म्हणतात. तिचा निकाल आल्यावर माल पास. पुरा हिशेब त्यानंतर. पुढच्या हंगामाचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या दारात त्याआधी उभा. संगणकाच्या जाळ्यात बाण फिरून आपल्याच जागी आला तर एअरफ्लो ते काम सुरूच करत नाही, चूक दाखवतो. शेतकऱ्याला ती सोय नाही, तो उचल घेतो.

आणि एक बाण कुठल्याच आराखड्यात काढलेला नसे. संकराचे दिवस साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. आमचे पहिले सत्र नेमके तेव्हाच. शाळा चाले घड्याळावर, कापूस चाले कळीवर. दुपारनंतर सहावी-सातवीच्या मुली वर्गातून नाहीशा होत, सकाळी उशिरा येत किंवा येतच नसत. हजेरीपटावरच्या रेघा बघून मला गावात कोणी किती प्लॉट घेतलाय ते कळे. 'लहान बोटांना कळी चांगली जमते' असे लोक सांगत. मला ते कधी पटले नाही. मोठ्या बायकांना तितकेच जमते, फक्त त्यांना मजुरी पुरी द्यावी लागते. 2009चा शिक्षणहक्क कायदा आला, 2016 साली बालमजुरीचा कायदा कडक झाला. मात्र घरच्या शेतात शाळेच्या वेळेबाहेर मदत करायला त्यातही मुभा राहिली. शाळेची वेळ कुठे संपते हे कळीला कोण सांगणार?

त्या मुलींपैकी एक आता देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये टोमॅटोचे बी करते. मध्यंतरी लग्नात भेटली. तिच्याकडच्या बायका मुलांना शाळेत सोडून मगच कामाला येतात. मी विचारले, सकाळचा पराग वाया नाही जात? ती म्हणाली, "नाही गुरुजी. नराची फुलं आदल्या दिवशीच तोडून वाळवून पराग काढून ठेवते."