मायदेशाचा व्हिसा

रेणापुरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ‘मुल्की’ हा शब्द आपण ऐकला असेल. निजामाच्या राज्यात १९१९ च्या नियमांप्रमाणे बाहेरच्या माणसाने पंधरा वर्षे येथे वास्तव्य केले आणि परत जाण्याचा विचार सोडल्याचे लिहून दिले, म्हणजे तो मुल्की ठरे. मग सरकारी नोकरीचे दार त्याला उघडे. माणूस कुठला, हे कागद ठरवीत असे. तो कागद कोणाच्या हाती असतो, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानात १८३८ पासून आणि सुरिनामात १८७३ पासून हिंदी मजूर उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांना राहण्याची परवानगी अर्जाने नव्हे, पाच वर्षांच्या कराराने मिळाली. परंतु गयानात मळ्याबाहेर पाऊल टाकावयाचे तर मालकाचा पास लागे. परवानगी होती, मोकळीक नव्हती.

त्याच खंडाच्या उत्तरेस, मेक्सिकोत, वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांना आसरा मिळाला. १९०६ च्या सुमारास त्यांनी देश सोडला, तेव्हा पासपोर्टाची सक्ती नव्हती. अमेरिकेत त्यांनी शेतकीशास्त्राचे शिक्षण घेतले, गदर चळवळीत भाग घेतला आणि पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांशी लढले. पुढे १९२० साली हिंदुस्थानात पासपोर्टाचा कायदा झाला. आणि इंग्रजांचा हा शत्रू घरी येणार तरी कसा?

१९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. तेथे क्रांती होऊन १९१७ ची राज्यघटना आली होती. तिच्या २७ व्या कलमाने जमीनवाटपाचा मार्ग खुला केला, तर १२३ व्या कलमाने आठ तासांचा दिवस आणि संपाचा हक्क दिला. अशा देशाला शेतकी जाणणारा माणूस हवाच होता. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत खानखोजे शिकवू लागले, मक्यावर संशोधन करू लागले. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटताना रंगविले.

आणि १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा काय घडले? ज्या देशासाठी त्यांनी घर सोडले, त्याच देशाचा व्हिसा त्यांना प्रथम नाकारला गेला! इंग्रज गेले होते, पण त्यांची काळी यादी दप्तरात तशीच होती. पुढे तो निर्णय फिरला. १९४९ साली ते येऊन गेले, नंतर नागपुरास स्थायिक झाले आणि १९६७ साली तेथेच वारले.

परक्या देशाने त्यांचे काम पाहिले. स्वदेशाच्या दप्तराने यादी पाहिली. म्हणूनच आमच्या भागातला मजूर ऊसतोडीला निघाला, की आम्ही त्यास एवढेच विचारतो: बाबा, उचल किती घेतलीस, ती कागदावर आहे काय, आणि त्या कागदाची प्रत तुझ्याजवळ आहे काय?