बैलगाडा, अमेरिकन फुटबॉल आणि आप्पांची रिकामी दावण

मागच्या शनिवारी सकाळी चुलतभावाचा गावाकडून फोन आला. "दादा, बैल बघून ठेवलाय. दीड वर्षाचा हाय, पण पळायला एक नंबर. मालक चार लाख म्हणतोय. निम्मे तू घाल, निम्मे मी बघतो. दोन सीझनमध्ये पैसे वसूल!"

दोन लाख म्हणजे काही माझं घर बुडणार नाही. पण आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. 'पैसे वसूल' हा शब्द ऐकला की हात आपोआप एक्सेलकडे जातो. शनिवारची अख्खी दुपार बैलगाडा शर्यतीचा जमाखर्च मांडण्यात गेली आणि शेवटी जे हाताला लागलं ते एक्सेलमध्ये मावेना. म्हणून हा लेख.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, पश्चिमेच्या अंगाला. आजोळ भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात. मध्ये फक्त एक नदी, पण शर्यतीची तऱ्हा वेगळी. आमच्याकडे, म्हणजे शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात घाट असतो. चढाचा, दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेला. एका वेळी एकच गाडा सुटतो. चार बैल, पुढे घोडी आणि तिच्यावरचा स्वार, गाड्यात मात्र कोणीच नाही. निशाण पडलं, 'भिर्रर्र' झालं की दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. हीच ती 'बारी'. आजोळकडे आणि तिथून खाली बारामती-फलटणकडे सपाट मैदानावर दोन-दोन बैलांच्या गाड्या एकमेकींशेजारी पळतात. गट, सेमीफायनल, फायनल असा सगळा मामला. लहानपणी मला मैदान जास्त आवडायचं, कारण कोण जिंकलं ते डोळ्यांना दिसायचं. घाटात घड्याळ काय म्हणतंय ते स्पीकरवरून कळेपर्यंत जीव टांगणीला.

आता मध्येच अमेरिका आणतो, त्याला कारण आहे. 2009 साली कंपनीने मला ऑनसाईट पाठवलं ते विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीला. रविवारी दुपारी रस्ते ओस पडलेले बघून मला पहिल्यांदा वाटलं, कर्फ्यूबिर्फ्यू लागला की काय! मग ऑफिसातल्या एकाने घरी बोलावून टीव्हीसमोर बसवलं. त्यांचा फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा तो. चार सेकंद झटापट, मग चाळीस सेकंद चर्चा. मी मनात म्हटलं, अरे, ही तर बारी आहे! तीच गर्दी, तेच काही सेकंद, तेच आरडाओरडा करणारे म्हातारे.

पण हिशोबाच्या बाजूने दोन्ही खेळ दोन टोकांना. त्यांची व्यावसायिक लीग, एनएफएल, 1920 साली ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका मोटारींच्या शोरूममध्ये जमलेल्या मंडळींनी सुरू केली. बरीच वर्षं ती गरीबच होती. कळीचं वळण आलं 1961 मध्ये. पीट रोझेल नावाच्या कमिशनरने मोठ्या शहरांच्या संघमालकांना पटवलं की टीव्हीचे पैसे सगळ्यांनी सारखे वाटून घ्यायचे. त्यासाठी अमेरिकन संसदेने कायदाही केला. म्हणून न्यूयॉर्कचा संघ आणि लाखभर वस्तीच्या ग्रीन बे गावाचा संघ आजही टीव्हीच्या पैशात एकाच पंक्तीला बसतात. 2021 साली लीगने जे टीव्ही-करार केले ते 11 वर्षांचे आणि 11,000 कोटी डॉलरच्या वरचे. 2023 मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या 100 कार्यक्रमांपैकी 93 याच खेळाचे सामने होते.

गंमत बघा, वाटून खाण्याची अक्कल आमच्या घाटालाही आहे. पहिल्या नंबराची वेळ ठरलेली असते. त्या वेळेत जितके गाडे बसले तितक्यांत बक्षीस सारखं वाटतात. वरून 'फळीफोड', 'घाटाचा राजा' असे मान वेगळे. पण वाटायला मुळात पैसा येतो कुठून? तिकीट नाही. घाट म्हणजे गावचा डोंगरउतार, तो कोण कुणाला विकणार? पैसा येतो यात्रेच्या वर्गणीतून आणि फ्लेक्सवर हात जोडून उभ्या असलेल्या मंडळींकडून. एनएफएलचं गिऱ्हाईक टीव्ही चॅनेल, आमच्या शर्यतीचं गिऱ्हाईक इच्छुक उमेदवार. चॅनेल दरवर्षी पैसे देतं. उमेदवार कधी देतो ते सांगायला ज्योतिषी नको :-)

आणि तरीही गर्दी हटत नाही. ती विकत आणता येत नाही याचा पुरावा पुण्यातच आहे. 2011 साली भारतात चक्क अमेरिकन फुटबॉलची लीग काढायची घोषणा झाली. एलिट फुटबॉल लीग. अमेरिकेतली नावाजलेली माणसं त्यात पैसे घालणाऱ्यांत होती. पुण्याच्या संघाचं नाव 'पुणे मराठाज', आणि 2012 च्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना दिल्लीला 6-0 असं हरवून तोच संघ जिंकला! तुम्हाला माहीत होतं? मलाही नव्हतं. माझ्या ऑफिसात एकालाही नव्हतं. पुढे ती लीग हळूहळू दिसेनाशी झाली. पैसा होता, टीव्ही होता, विजेता होता.. फक्त त्या विजयाने हरखणारं गाव नव्हतं.

आणि नेमक्या त्याच 2011 साली गाव असलेला खेळ बंद पडला. 11 जुलै 2011 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली. खेळ करून दाखवायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकडांच्या जोडीला बैल आला. मग कोर्टकचेऱ्या. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्हींवर बंदीचं शिक्कामोर्तब केलं.

आमच्या आप्पांकडे, म्हणजे चुलत्यांकडे, तेव्हा एक खिलारी बैल होता. पांढराशुभ्र, शिंगं मागे वळलेली. बंदीची पहिली तीन वर्षं आप्पांनी त्याला निव्वळ आशेवर पोसला. शेतात ट्रॅक्टर कधीच आलेला, त्यामुळे नांगराला काम नाही. आणि शर्यतीच्या बैलाचा खुराक म्हणजे घरातल्या पोरापेक्षा जास्त! निकाल लागला त्या पावसाळ्यात आप्पांनी त्याला टेम्पोत चढवून चाकणच्या बाजारात नेलं. परत आले ते रिकाम्या टेम्पोतून. कोणाला विकला, पुढे काय झालं, हे घरात कोणी विचारलं नाही. काकूंनी दावणीजवळची जागा रोज झाडायची सोडली नाही, एवढं आठवतं. 2015 मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे बैल पळवायचा नाही, विकायचा तर गिऱ्हाईक नाही, आणि नुसता पोसायला पैसा नाही. खिलार कमी झाली ती काही एका कारणाने नाही. पण आमच्या आळीतली दावण रिकामी झाली ती याच वर्षांत.

इथे एक अप्रिय गोष्ट लिहायला हवी. बंदी घालणारे सगळे शहरी शहाणे आणि आम्ही सगळे बैलांचे कैवारी, असं नव्हतं. लहानपणी सुटायच्या जागेवर मी स्वतः बघितलंय. शेपट्या पिरगाळणं, टोचण्या, कुणाच्या हातात काय काय. आप्पा तसलं करायचे नाहीत, पण करणाऱ्याला कधी हटकायचेही नाहीत. कोर्टात जे मांडलं गेलं ते हवेतून आलेलं नव्हतं.

अमेरिकन फुटबॉलनेही हे भोगलंय, तेही दोनदा. 1905 च्या एका हंगामात तिकडे मैदानावर 18 पोरं मेली. तेव्हा हा खेळ मुख्यतः कॉलेजांचा. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून सुनावलं, काही कॉलेजांनी तर तो बंद केला. 1906 मध्ये नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, झोंबाझोंबी थोडी सैल झाली आणि खेळ वाचला. दुसरी वेळ आपल्या डोळ्यांदेखत. माइक वेबस्टर नावाचा गाजलेला खेळाडू 2002 मध्ये अवघ्या पन्नाशीत गेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या दणक्यांनी झालेला आजार दाखवून दिला. लीगने आधी कानांवर हात ठेवले. शेवटी हजारो निवृत्त खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा 2013 मध्ये 76.5 कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली आणि पुढे त्या रकमेवरची मर्यादाही काढावी लागली.

याचा धंद्यावर परिणाम? वरवर पाहता शून्य. 2010 मध्ये कमिशनर रॉजर गुडेल यांनी 2027 पर्यंत वर्षाला 2,500 कोटी डॉलर कमाईचं लक्ष्य ठेवलं होतं आणि लीगने 2,000 कोटींचा टप्पा कधीच ओलांडलाय. पण खाली, मुळाशी बघा. 2008-09 नंतरच्या दहा वर्षांत तिथल्या हायस्कुलांत हा खेळ खेळणारी मुलं साधारण एक लाखाने कमी झाली. बघायला सगळे तयार, पोराला पाठवायला आई तयार नाही. कमाईचा आलेख वर, दावणीचा आलेख खाली. माझ्या मते कुठल्याही खेळाचं भविष्य दुसऱ्या आलेखात वाचायचं असतं.

आपल्याकडे पुढे काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. 2017 मध्ये जल्लिकट्टूच्या आंदोलनानंतर तमिळनाडूने कायदा बदलला, मागोमाग महाराष्ट्रानेही. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्याला थांबवलं. शिरूर लोकसभा मतदारसंघात 'बंदी कोण उठवणार' यावर निवडणुका गाजल्या. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली. 2022 मध्ये खासदार अमोल कोल्हे स्वतः घोडीवर बसून घाटात उतरले, आणि मे महिन्यात चिखलीच्या शर्यतीत पहिलं बक्षीस होतं जेसीबी! 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

आता धुमधडाका आहे. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, बक्षिसाला थार, 'बकासूर'सारख्या बैलाला सिनेमातल्या हिरोसारखे चाहते. भाऊ म्हणतो, आता कसली भीती? मला भीती तिथेच वाटते. कायद्यातल्या अटी लहान नाहीत. 1,000 मीटरच्या वर पळवायचं नाही, काठी-चाबूक नाही, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. घटनापीठाने कायदा उचलून धरला तो या अटींसकट. बक्षीस पन्नास हजारांचं असताना टोचणी न वापरणारा माणूस, बक्षीस थार झाल्यावर हात आवरेल का? त्यातून मोबाईल आता प्रत्येकाच्या खिशात. पुढच्या खटल्याचा पुरावा आपणच लाईव्ह दाखवतोय.

असो. परत माझ्या एक्सेलकडे. बैलाचा खुराक, डॉक्टर, टेम्पोचं भाडं, राखणीला माणूस, समोर वाटून येणारं बक्षीस. कितीही आशावादी आकडे टाकले तरी शेवटची ओळ लालच येते. वसुलीची एकच वाट, बैल गाजला की दामदुप्पट किमतीने विकायचा. म्हणजे मुळात हा शर्यतीचा धंदाच नाही, बैल विकण्याचा आहे. आणि जो गाजत नाही, किंवा गाजून म्हातारा होतो, त्याच्यासाठी माझ्या शीटमध्ये रकानाच नव्हता. लीगलाही तो रकाना कोर्टाने भरायला लावला.

मग मला ग्रीन बेचा संघ आठवला. तो एका शेठजीचा नाही, 1923 पासून गावाचा आहे. 2011 च्या डिसेंबरात त्यांनी पुन्हा शेअर विकायला काढले, 250 डॉलरला एक. त्यावर लाभांश नाही, नफ्याने विकता येत नाही, हातात एक कागद, बस्स! तरी लाखांवर लोकांनी घेतले. मिलवॉकीतल्या माझ्या मित्राने घेतला, तेव्हा मी मेलवर त्याची यथेच्छ टिंगल केली होती. आज कळतंय की तो शेअर नव्हताच. आपल्याकडे त्याला वर्गणी म्हणतात.

रविवारी भावाला फोन केला. म्हटलं, दोन लाख देतो, पण वाटा नको. बक्षीस लागलं तर तुझं, नाही लागलं तरी तुझं. दोनच अटी. टोचणी बघितली तर मी स्वतः तक्रार करणार. आणि पळायचा थांबला तरी बैल टेम्पोत चढणार नाही, दावणीलाच राहणार.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "थांब, आप्पांना विचारतो." आप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत, फारसं बोलत नाहीत. फोनवर मागून काकूंचा आवाज आला, दावणीची जागा कुठली ते त्या सांगत होत्या.

तुमच्याकडे काय चित्र आहे? घाट आहे की मैदान? आणि पळून थांबलेले बैल कुठे आहेत? ठाऊक असेल तर जरूर लिहा.