आळ आणि निदान

चोरीचा आळ आला तर माणूस कोर्टात जाऊन तो धुऊन काढू शकतो. पण ज्याचा रोगच लोकांनी स्वभावाचा दोष ठरविला, त्याने दाद कोठे मागावी? पाय लटपटले की दारुडा, हातातली बशी फुटली की वेंधळा, रागाचा झटका आला की वेडा! आणि शेजाऱ्यांच्या तोंडचे हे शब्द एकदा डॉक्टरच्या कागदावर उतरले, म्हणजे ते पुसणे कठीण. चुकलेल्या निदानाच्या कथा वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. त्यांतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी कथा अमेरिकेतल्या एका लोकगायकाची आहे.

त्याचे नाव वुडी गथ्री. १९४० साली त्याने लिहिलेले 'धिस लँड इज युवर लँड' हे गाणे तिकडे शाळकरी पोरांनाही येते. पुढे २०१६ साली ज्याला नोबेल पारितोषिक मिळाले तो बॉब डिलन विशीच्या उंबरठ्यावर असताना, १९६१ साली, याच वुडीला गुरू मानून त्याच्या भेटीला आला होता. त्या वेळी गुरूची वस्ती मनोरुग्णांच्या इस्पितळात होती!

वुडीचा जन्म १९१२ सालचा, ओक्लाहोमा संस्थानातल्या ओकीमा या लहानशा गावातला. त्याची आई नोरा गाणी गाणारी, गोड गळ्याची बाई. पण हळूहळू तिच्यात पालट झाला. अंग आपोआप हिसके देई, चेहरा वेडावाकडा होई, क्षणात संताप आणि क्षणात सुन्न मौन. १९१९ साली तिची थोरली मुलगी क्लारा भाजून मेली, तेव्हा गावाने आईकडे बोट दाखविले. १९२७ साली नवरा भाजला, तेव्हा तर गावाची खात्रीच पटली. नोराची रवानगी नॉर्मन येथील वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि १९३० साली ती तेथेच वारली. घर उधळले. 'वेडी बाई' एवढीच तिची आठवण गावात उरली.

हा रोग तोवर कोणालाच ठाऊक नव्हता, असे मात्र नाही. आणि खरे मर्म येथेच आहे. १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन नावाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने तो लिहून ठेवला होता. त्याचे वडील आणि आजोबा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वैद्यकी करीत. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना त्याने रस्त्यात दोन उंच, वाळलेल्या बाया पाहिल्या. त्या मायलेकी वाकत, पिळवटत, तोंडे वेडावीत चालल्या होत्या. पोराच्या मनावर ते चित्र कोरले गेले. पुढे आजोबा-वडिलांच्या टिपणांच्या आधाराने त्याने रोगाची तीन लक्षणे सांगितली : तो वंशात चालतो, त्यात बुद्धिभ्रंशाकडे व आत्मघाताकडे ओढ असते, आणि तो उघड होतो तो प्रौढ वयात. तीन पिढ्यांच्या वैद्यकीशिवाय हे दिसलेच नसते. कारण एका रोग्याकडे पाहून कळणारा हा रोग नव्हे, घराणे पाहून कळणारा आहे. आईला किंवा बापाला तो असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा. मेंदूच्या खोल भागातल्या पेशी त्यात हळूहळू मरतात.

मग वुडीच्या वेळी घराणे का पाहिले गेले नाही? याचे एक कारण डॉक्टरांच्या घाईत आहे, दुसरे समाजाच्या क्रौर्यात. १९१६ साली चार्ल्स डॅव्हनपोर्ट या सुप्रजननवाद्याने अशा शेकडो रोग्यांच्या वंशावळी छापल्या, आणि या घराण्यांची प्रजाच थांबवावी, असल्यांना देशात घेऊ नये, असा सूर लावला. सांगितले की डाग लागतो, हे एकदा कळल्यावर कोण सांगणार? घराण्यांनी तोंडे मिटली. डॉक्टरांनीही विचारणे सोडले.

१९४० नंतरच्या दशकाअखेर वुडीची चाल बिघडली, लिखाण विस्कटले, राग अनावर होऊ लागला. तो दारू पीत असे, हे खरेच. आणि म्हणून डॉक्टरांना उत्तर आयतेच मिळाले. १९५२ साली तो एका इस्पितळातून दुसऱ्यात फिरला. कोठे मद्यपाश ठरला, कोठे स्किझोफ्रेनिया. अखेर त्या सप्टेंबरात ब्रुकलिनच्या सरकारी इस्पितळात हंटिंग्टनचा रोग हे निदान झाले. हंटिंग्टनच्या लेखाला तेव्हा ऐंशी वर्षे झाली होती! तरी आळ सुटला नाहीच. १९५६ साली न्यू जर्सीतल्या ग्रेस्टोन इस्पितळात तो गेला, तेव्हा 'मी हजारावर गाणी लिहिली, पुस्तक लिहिले' हे त्याचे बोलणे तेथे भ्रमाचे लक्षण समजले गेले, असे सांगतात. ते तर अक्षरशः सत्य होते! १९६७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तो वारला.

कोणी म्हणेल, निदान लवकर होऊन तरी काय झाले असते? औषध तर तेव्हा नव्हते, आणि रोग बरा करणारे आजही नाही. हा प्रश्न सोपा नाही. पण निदान झाले तेव्हा वुडीला सात मुले झाली होती. त्याच्या पहिल्या संसारातल्या दोन मुली पुढे एकेचाळिसाव्या वर्षी याच रोगाने गेल्या. जे माहीत असायला हवे होते ते आईबापांना माहीत नव्हते. आणि मुलांना बाप दारूने बिघडला असे वाटणे व बाप रोगाने पिडला असे कळणे, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. निदान हे केवळ औषधासाठी नसते. ते माणसाची अब्रू परत देण्यासाठीही असते.

हे ओळखले वुडीच्या घटस्फोटित पत्नीने. मार्जरी ही नर्तकी. लग्न मोडले तरी अखेरपर्यंत तिने त्याची शुश्रूषा केली, आणि तो गेला त्याच वर्षी या रोगाविरुद्ध समिती काढली. लपलेली कुटुंबे एकत्र आणली, डॉक्टरांपुढे जाऊन बोलली. १९७६ साली अमेरिकन सरकारने या रोगासाठी आयोग नेमला, त्याची ती अध्यक्ष झाली. १९८३ साली ती वारली. त्याच वर्षी रोगाचा ठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर सापडला, आणि १९९३ साली दोष असलेला जनुकच हाती आला. तो सापडला कोणामुळे? ज्या घराण्यांनी पूर्वी तोंड मिटले होते, त्यांनी ते उघडून रक्त दिले म्हणून!

दिवाळीला घरोघर चार पिढ्या एकत्र बसतात, जुन्या गोष्टी निघतात. घराण्यातला एखादा काका 'चक्रम' होता, एखाद्या आत्याच्या 'अंगात येत असे' म्हणून हसे होते. प्रत्येक वेळी त्यामागे रोगच असेल असे मी म्हणत नाही. पण हसण्याआधी त्या माणसाला नक्की काय होत होते, हे एकदा वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि डॉक्टरनेही विचारावे. नोराविषयी हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर तिच्या मुलाला आपल्या रोगाचे नाव कळायला चाळिशी गाठावी लागली नसती.