हातगाड्यांचा हिवाळा

अमेरिकेच्या पश्चिम भागातील वसाहतींचा इतिहास हा पुष्कळ अंशी वाटेवरच्या थडग्यांचा इतिहास आहे. जमिनीच्या, सोन्याच्या किंवा निर्वेध उपासनेच्या शोधात हजारो कुटुंबे रॉकी पर्वत ओलांडून गेली. त्यांपैकी इ. स. १८५६ च्या हिवाळ्यात सापडलेल्या मॉर्मन यात्रेकरूंची हकीकत धर्मनिष्ठ वाचकाने अवश्य ध्यानी घ्यावी. कारण श्रद्धा कोठे चुकते आणि कोठे तारते, या दोहोंचा पुरावा तीत एकत्र सापडतो.

मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याची १८४४ मध्ये जमावाने हत्या केली. पुढे ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखाली त्याच्या अनुयायांनी १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात वस्ती केली. युरोपातील गरीब पंथबंधूंना तेथे आणण्यासाठी १८४९ मध्ये एक निधी उभारण्यात आला. परंतु बैलगाड्यांचा खर्च त्या निधीस झेपेना. तेव्हा आगगाडी जेथे संपे त्या आयोवा सिटीपासून पुढील सुमारे १,३०० मैल लोकांनी स्वतः हातगाड्या ओढीत चालून जावे, अशी योजना निघाली. साधारणपणे पाच जणांमागे एक गाडी आणि प्रत्येकास अवघे १७ पौंड सामान. अंथरूण, पांघरूण, कपडे सारे त्यातच.

त्या वर्षीच्या पहिल्या तीन तुकड्या वेळेवर निघाल्या व पोहोचल्या. म्हणजे योजना मुळात अशक्य नव्हती. घात केला तो उशिराने. जेम्स विली व एडवर्ड मार्टिन यांच्या तुकड्यांत मिळून हजारांवर स्त्री-पुरुष, मुले व वृद्ध होते. त्यांची जहाजे मे महिन्यात लिव्हरपूलहून सुटली. आयोवा सिटीस पाहतात तो गाड्या तयार नव्हत्या. ओल्या लाकडाच्या गाड्या घाईघाईने जुळवून ते जुलैच्या उत्तरार्धात निघाले.

ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स येथे पुढे जावे की हिवाळा तेथेच काढावा, यावर विलीच्या तुकडीची सभा झाली. कलकत्ता व ब्रह्मदेश येथे धर्मप्रचार करून स्वगृही परतणारा लेव्ही सॅव्हेज याने थांबण्याचा सल्ला दिला. वृद्ध व बालके थंडीत टिकणार नाहीत, हे त्याने अश्रुपूर्ण नेत्रांनी सांगितले. बहुमत मात्र पुढे जाण्याकडे झुकले. देव वादळे आवरील, असे आश्वासन काही पुढाऱ्यांनी दिल्याचे सहप्रवाशांच्या आठवणींत नमूद आहे. तेव्हा सॅव्हेज म्हणाला की, आपण तुमच्याबरोबर येऊ, तुमच्याबरोबर सोसू आणि प्रसंग पडल्यास तुमच्याबरोबर मरूही. मतभेद असूनही त्याने सोबत सोडली नाही.

याच तुकडीत मुंबईत जन्मलेली एलिझाबेथ झेवियर टेट ही स्त्री होती. तिचा पती आधीच युटा प्रांतात गेला होता. त्याच्याकडे निघालेल्या या मातेची तान्ही मुलगी प्रवासातच दगावली. मुंबईच्या उष्ण हवेत वाढलेली ती स्त्री त्या हिमात टिकली आणि पुढे सीडर सिटी येथे स्थायिक झाली.

रानरेड्यांच्या कळपामुळे विलीच्या तुकडीचे सुमारे ३० बैल पळाले. पिठाचा शिधा कमी होत गेला. मार्टिनच्या लोकांनी ओझे हलके करण्यासाठी पांघरुणेही टाकून दिली. १९ ऑक्टोबर रोजी त्यांनी नॉर्थ प्लॅट नदीचे गोठणबिंदूजवळचे पाणी ओलांडले. त्याच दिवशी हिमवादळ सुरू झाले, आणि त्याच दिवशी विलीच्या छावणीतील पीठही संपले.

इकडे सॉल्ट लेक येथे ४ ऑक्टोबरला ही वार्ता पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी पंथाची सभा भरणार होती. यंगने धर्मप्रवचनाऐवजी पीठ, गाड्या, खेचरे व गाडीवान मागितले. मैदानातील माणसांना आणणे हाच आजचा धर्म, असे त्याने सांगितले. ७ तारखेस पहिली मदत निघाली व २१ रोजी विलीच्या छावणीस पोहोचली. तरीही २३ तारखेची रॉकी रिज ही चढण अनेकांना भोवली. दुसऱ्या दिवशी १३ जणांना एकाच खड्ड्यात पुरावे लागले. तो खड्डा खणणाऱ्यांपैकी दोघेही त्याच दिवशी गेले. मार्टिनची तुकडी २८ तारखेस सापडली. विलीचे लोक ९ नोव्हेंबरला व मार्टिनचे ३० नोव्हेंबरला सॉल्ट लेक येथे पोहोचले. दोन्ही तुकड्यांतील मिळून २०० हून अधिक जीव वाटेतच राहिले.

३० नोव्हेंबर हा रविवार होता. यंगने दुपारची उपासना रद्द करून लोकांना आलेल्यांच्या शुश्रूषेस पाठविले. प्रार्थना चांगली, पण भाजलेले बटाटे व दूध हवे असता प्रार्थना त्यांची जागा घेऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

या वाक्याचा अर्धा भाग ऑगस्टमध्येच कोणाच्या ध्यानी आला असता, तर ती थडगी पडती ना. ज्या श्रद्धेने ऋतूचा हिशेब नाकारला, तिने माणसे मारली. ज्या श्रद्धेने घरातील पीठ व पांघरुणे गाडीत भरली, तिने शेकडो वाचविली. दोन्ही एकाच समाजाची होती. तेव्हा देवावर हवाला ठेवताना अनुभवी माणसाच्या इशाऱ्यास सभेत मान मिळतो की नाही, हे प्रत्येक धर्मसमाजाने स्वतःस विचारावे. आणि तो मान न मिळाला तर त्या माणसाने काय करावे, याचे उत्तर सॅव्हेजने चालून दिले आहे.